कँडल जरूर शिका, पण दीड महिन्याचा पगार मोजून नको

वाचकाचं पत्र:

"ताई, मी खासगी कंपनीत नोकरी करतो. काही महिन्यांपासून शेअर बाजारात थोडंफार ट्रेडिंग करतोय, आतापर्यंत तोट्यातच आहे. मागच्या आठवड्यात कँडलस्टिक चार्टवरचा एक फुकट वेबिनार पाहिला. सरांनी एकेक कँडल दाखवून त्यानंतर भाव कुठे गेला तेही दाखवलं. आजवर आपण अंधारात चाचपडत होतो असं वाटलं. आता त्यांचा दोन दिवसांचा सेमिनार आहे. रविवारपर्यंत पैसे भरले तर सवलत मिळते, तरीही फी माझ्या दीड महिन्याच्या पगाराएवढी होते. हप्त्यांची सोय आहे. ऑफिसमधला एक मित्र मागच्या बॅचला होता, तो म्हणतो पहिल्याच महिन्यात फी वसूल झाली. जागा धरून ठेवायला मी दहा टक्के भरलेतही. बायको नको म्हणते. मला वाटतं, सहा महिने मन लावून शिकलो तर नोकरी सोडून हेच करता येईल. उरलेले पैसे भरू का?"

उत्तर:

नका भरू. हप्त्यांवर तर मुळीच नको. तुमच्या पत्नी बरोबर सांगताहेत. पण नुसतं 'नको' म्हटल्याने तो वेबिनार तुमच्या डोक्यातून जाणार नाही आणि रविवार जवळ आला की हात पुन्हा फोनकडे जाईल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कँडलविषयी. ती थोतांड नाही. ठरावीक वेळात भाव कुठे उघडला, कुठवर चढला, कुठवर उतरला आणि कुठे बंद झाला, हे चार आकडे एका नजरेत दाखवणारी ती फार सुबक पद्धत आहे. मधला जाड भाग म्हणजे बॉडी, वर-खाली निघालेल्या बारीक रेघा म्हणजे विक. डोजी, हॅमर, एनगल्फिंग, हरामी, मॉर्निंग स्टार ही नावं आणि त्यांचे आकार ओळखायला एक शनिवार-रविवार पुरतो. ब्रोकर आणि शेअर बाजार यांच्या मोफत साहित्यात हे सगळं असतं, ग्रंथालयात पुस्तकं असतात. जे शिकायला दोन दिवस आणि शून्य खर्च लागतो त्याची एवढी फी का, हा प्रश्न तुम्ही सरांना विचारायला हवा होता. ते बहुधा म्हणतील की पुस्तकात आकार मिळतात, आमच्याकडे 'वापरायचं कसं' ते मिळतं. पैसे जातात ते याच वापराच्या भागात, म्हणून तोच नीट पाहू.

हॅमरचंच उदाहरण घ्या. भाव बरेच दिवस घसरतो आहे. एके दिवशी शेअर १०० ला उघडला, दिवसभरात ९४ पर्यंत पडला आणि सावरून १०१ ला बंद झाला. लहान बॉडी, खाली लांब विक. वर्गात सर सांगतात: विकणारे दमले, खरेदीवाले शिरले, १०१ ला घ्या, ९४ ला स्टॉपलॉस (भाव तिथवर पडला तर तोटा थांबवायला आपोआप विकण्याची सूचना) लावा, धोका ७ पॉइंटचा, दुप्पट टार्गेट म्हणजे ११५. चार्टवर बोट पुढे सरकतं, भाव ११८ ला गेलेला असतो, आणि सगळा वर्ग माना डोलावतो.

आता हाच व्यवहार स्वतःच्या खात्यातून करून बघा. ती कँडल हॅमर आहे हे बाजार बंद झाल्यावर कळतं. शेवटच्या अर्ध्या तासात भाव ९७ ला असता तर ती साधी लाल, म्हणजे भाव घसरल्याची, कँडल दिसली असती आणि तुम्ही तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. म्हणजे एन्ट्री दुसऱ्या दिवशी. पण हॅमर तुमच्यासारखाच आणखी हजारो लोकांनी पाहिलेला असतो, म्हणून दुसऱ्या दिवशी शेअर उघडतो १०३ ला. स्टॉपलॉस तिथेच, ९४ ला. धोका आता ७ चा राहिला नाही, ९ चा झाला. दुप्पट टार्गेट ११५ वरून १२१ वर गेलं. भाव ११८ पर्यंत जाऊन माघारी फिरला, तर वर्गातला 'यशस्वी' ट्रेड तुमच्या खात्यात टार्गेट न गाठताच राहिला. कुणी खोटं बोललं नाही, चार्टही खरा होता. फरक एवढाच की सर झालेला प्रवास बघत होते आणि तुम्हाला व्हायचा प्रवास करायचा होता.

हॅमरचा हाच आकार तेजीच्या शेवटी आला की त्याला हँगिंग मॅन म्हणतात आणि त्याचा अर्थ उलटा लावतात. म्हणजे त्याआधी मंदी होती की तेजी, हे ठरल्याशिवाय आकाराला काही अर्थ नाही. ते ठरवायचं किती दिवसांवरून? दहा दिवसांत भाव पडलेला असेल आणि तीन महिन्यांत चढलेला असेल, तर तुमच्यासमोर हॅमर आहे की हँगिंग मॅन? जुन्या चार्टवर पुढचं दिसत असल्याने याचं उत्तर आपोआप 'बरोबर' येतं. उजवीकडे रिकामी जागा असते तेव्हा ते येत नाही. वेळेचंही तसंच. पाच मिनिटांच्या चार्टवर जी झकास एनगल्फिंग दिसते, ती पंधरा मिनिटांच्या चार्टवर गेलात की एखाद्या मोठ्या कँडलच्या पोटात नाहीशी होते. बाजार तोच, व्यवहार तेच, आपण वेळेचे काप कुठे घेतले त्यावर आकृती ठरली.

जपानी तांदूळ व्यापाऱ्याची गोष्टही वेबिनारमध्ये आली असेल, बहुतेक ठिकाणी येते. होम्मा मुनेहिसा हा अठराव्या शतकातला साकाता गावचा व्यापारी. ओसाकाच्या दोजिमा बाजारात तांदळाचे वायदे (पुढच्या तारखेचे सौदे) होत आणि त्या काळात तो भावांचा मोठा जाणकार मानला जाई, इथवर खरं. पण आजच्या कँडल त्यानेच काढल्या याला भक्कम आधार नाही. ही पद्धत पाश्चात्त्य जगात लोकप्रिय केली ती स्टीव्ह निसन यांनी १९९१ च्या आपल्या पुस्तकातून, आणि त्यांचंही मत असंच आहे की ती बहुधा नंतरच्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झालेल्या मेइजी काळात घडत गेली. तीनशे वर्षांचं गुपित म्हणून जे विकलं जातं ते गेली तीस-पस्तीस वर्षं जगभर उघड छापलं जातंय आणि प्रत्येक ट्रेडिंग अ‍ॅपमध्ये फुकट मिळतंय. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेल्या खुणेतून सगळ्यांनाच फायदा कसा मिळत राहील, याचा विचार करा.

याची तपासणी झालेली आहे. बेन मार्शल, मार्टिन यंग आणि लॉरेन्स रोझ यांनी अमेरिकेच्या डाऊ जोन्स निर्देशांकातल्या शेअरचे १९९२ ते २००२ चे भाव घेऊन कँडलचे नियम चालवून पाहिले आणि २००६ मध्ये निष्कर्ष मांडला: या नियमांतून फायदा निघत नाही. उलट बाजूही सांगते. काजिनाल्प आणि लॉरेंट यांनी १९९८ मध्ये अमेरिकी शेअरवर तीन दिवसांचे आठ पॅटर्न तपासले होते, त्यांना त्यात अंदाजाची ताकद आढळली होती. म्हणजे हा वाद अभ्यासकांमध्ये आहे. पण ज्या गोष्टीवर संगणक आणि दहा-दहा वर्षांची आकडेवारी घेऊन बसलेल्या माणसांचं एकमत होत नाही, ती दोन दिवसांत हातखंडा करून देतो असं कुणी म्हणत असेल, तर त्याच्यावर भरवसा ठेवू नये.

आता नोकरी सोडण्याविषयी. पत्रातल्या त्या शेवटच्या ओळीची मला फीपेक्षा जास्त काळजी वाटते. फी बुडाली तर दीड महिन्याचा पगार गेला. नोकरी सोडलीत तर घराचा आधार गेला.

ब्राझीलमध्ये शाग, दे-लोसो आणि जिओवानेत्ती या अभ्यासकांनी २०१३ ते २०१५ या काळात निर्देशांकाच्या वायद्यांत डे ट्रेडिंग (त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकणं) सुरू केलेल्या लोकांचा पुढे माग काढला. तीनशेहून जास्त दिवस टिकून राहिलेल्यांपैकी ९७ टक्के तोट्यात होते. तिथल्या किमान वेतनापेक्षा जास्त कमावणारे निघाले १.१ टक्का. हे लोक चिकाटीचे होते, आठवड्याभरात कंटाळून गेलेले नव्हते. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की, जास्त दिवस केलं म्हणून कामगिरी सुधारली असंही आढळलं नाही. 'सहा महिने मन लावून शिकलो तर' हे जे तुमचं गणित आहे, त्याच्या मुळावरच हा निष्कर्ष येतो. तैवानमध्ये बार्बर, ली, लिऊ आणि ओडीन यांनी १९९२ ते २००६ ची आकडेवारी तपासली. खर्च वजा जाता सातत्याने फायदा काढू शकणारे डे ट्रेडर तिथे एक टक्क्यापेक्षाही कमी होते. युरोपच्या बाजार नियामकाने २०१८ मध्ये सीएफडी (शेअर प्रत्यक्ष न घेता नुसत्या भावाच्या चढउतारावर केलेला करार) नावाच्या उत्पादनावर बंधनं घातली तेव्हा सामान्य ग्राहकांची ७४ ते ८९ टक्के खाती तोट्यात जातात असं नमूद केलं, आणि तिथल्या कंपन्यांना आपल्या तोट्यातल्या खात्यांचं प्रमाण जाहिरातीत छापणं भाग पडलं. सेमिनारवाल्यांवर असं काही छापायची सक्ती असती तर तुमचं पत्र मला आलंच नसतं.

इतके लोक का हरतात, याचं एक कारण साधं गणिताचं आहे. समजा तुम्ही दर ट्रेडला १० पॉइंट मिळवायला १० पॉइंट पणाला लावता, आणि ब्रोकरेज, कर, खरेदी-विक्रीच्या भावातलं अंतर आणि स्लिपेज (ठरवलेला भाव आणि प्रत्यक्ष मिळालेला भाव यांतला फरक) धरून दर ट्रेडला १ पॉइंट खर्च होतो. जिंकलात तर ९ हाती, हरलात तर ११ गेले. नुसतं बरोबरीत राहायला १०० पैकी ५५ ट्रेड जिंकावे लागतात. नाणं उडवून ५० जिंकता येतात. वरचे पाच कँडलमधून काढायचे आहेत, दरवर्षी, न चुकता, आणि तुमच्यापेक्षा वेगवान यंत्रं घेऊन बसलेल्या संस्थांच्या समोर.

तुमच्या मित्राविषयी. त्याच्या हेतूवर मी शंका घेत नाही, त्याला खरंच फायदा झाला असेल. पण एका महिन्यावरून काहीच सिद्ध होत नाही. बाजार चढत असताना जो कुणी खरेदी करतो त्याला पैसे मिळतात, त्याने कँडल बघितली काय आणि नाही काय. शंभर वेळा नाणं उडवलं तर कुठेतरी सलग पाच वेळा छापा पडण्याची शक्यता ८१ टक्क्यांच्या आसपास असते, मग महिन्याभरातल्या चार-पाच सलग चांगल्या ट्रेडचं काय घेऊन बसलात? त्याला प्रेमाने म्हणा, 'तुझं ब्रोकरचं स्टेटमेंट दाखव, बॅचला गेलास त्या दिवसापासून आजपर्यंतचं, खर्चासकट.' स्क्रीनशॉट नको, एकाच दिवसाचं नको. आणि नवीन माणूस आणला तर त्याला काही सूट किंवा रक्कम मिळते का, हेही सरळ विचारा. अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी असते. त्यात मित्र वाईट ठरत नाही, पण त्याची शिफारस मग निव्वळ शिफारस राहत नाही.

सरांनाही हेच विचारा, लेखी. गेल्या तीन वर्षांचं तुमच्या नावावरच्या ट्रेडिंग खात्याचं संपूर्ण स्टेटमेंट दाखवाल का? तुमचं उत्पन्न ट्रेडिंगमधून जास्त की शिकवण्यातून? तुम्ही सुचवता त्या ब्रोकरकडे मी खातं उघडलं तर माझ्या प्रत्येक व्यवहारावर तुम्हाला कमिशन मिळतं का? हा तिसरा प्रश्न लोक विसरतात. ज्याला तुमच्या व्यवहारांच्या संख्येवर पैसे मिळतात, त्याला तुम्ही दिवसाला दहा ट्रेड केलेले हवे असतात, तुम्ही जिंकता की हरता हे त्याच्या दृष्टीने दुय्यम. या सेमिनारनंतर 'अ‍ॅडव्हान्स' आणि त्यानंतर 'मेंटॉरशिप' आहे का, त्यांची फी किती, तेही आत्ताच विचारून घ्या. फुकट वेबिनारपासून वर चढत जाणारी ही शिडी ठरलेली असते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, माणूस भारावलेला असताना, पुढची पायरी विकली जाते, आणि तोटा झालाच तर 'तुम्ही अजून अ‍ॅडव्हान्स केलं नाहीत ना' हे उत्तर तयार असतं.

तुमची शिकायची भूक मात्र खरी आहे आणि ती मारू नका. तिला बिनखर्चाचं काम देते.

कुठल्याही एका शेअरचा पाच-सात वर्षं जुना रोजचा चार्ट उघडा. बहुतेक चार्टिंग अ‍ॅपमध्ये रिप्लेची सोय असते, नसेल तर स्क्रीनच्या उजव्या भागावर जाड कागद चिकटवा आणि एकेक कँडल उघडत पुढे जा. सुरू करण्याआधीच वहीत लिहून काढा: हॅमर कशाला म्हणायचं (विक बॉडीच्या किती पट?), मंदी कशाला म्हणायचं (किती दिवसांत किती टक्के घसरण?), एन्ट्री कुठे, स्टॉपलॉस कुठे, बाहेर कधी पडायचं. एकदा लिहिलं की मध्येच बदलायचं नाही. मग दिसेल तो प्रत्येक हॅमर नोंदवा, फसलेलाही, अर्धवटही. एन्ट्री नेहमी दुसऱ्या दिवशीच्या उघडत्या भावाने धरा. एकाच दिवसाच्या कँडलमध्ये स्टॉपलॉस आणि टार्गेट दोन्ही येत असतील तर तो ट्रेड हरलेला धरा, कारण आधी कुठे भाव गेला हे ती कँडल तुम्हाला सांगत नाही. प्रत्येक ट्रेडमधून खर्च वजा करा. वेगवेगळ्या शेअरवर, तेजीच्या आणि मंदीच्या दोन्ही काळांत, अशा शंभर नोंदी जमू द्या. मग बेरीज करा, आणि तोच शेअर त्याच काळात नुसता धरून ठेवला असता तर काय झालं असतं तेही शेजारी लिहा. फायदा निघालाच तर आणखी काही महिने कागदावरच, पण आता चालू बाजारात, तेच करा. हे काम कंटाळवाणं आहे. पण यातून तुम्हाला स्वतःच्या पद्धतीचा खरा आकडा कळेल. तो सेमिनारमध्ये कुणी देत नाही.

यासोबत एक गोष्ट शिका, जिच्यावर वेबिनारमध्ये दोन मिनिटंही दिली नसतील: एका ट्रेडमध्ये किती पैसे लावायचे. वरचा हॅमर घ्या. भांडवल १,००,००० आणि एका ट्रेडमध्ये एक टक्का, म्हणजे १,००० एवढाच तोटा सोसायचा असं ठरवलं. शेअरमागे धोका ९ चा. १,००० भागिले ९, म्हणजे १११ शेअर. १०३ च्या भावाने त्यांची किंमत ११,४३३ होते. म्हणजे साडेअकरा टक्क्यांच्या आसपास भांडवल गुंतलं, बाकीचं बाजूला. नवीन माणूस नेमकं उलटं करतो: कँडल 'पक्की' दिसली की सगळं लावतो. मग स्टॉपलॉस लागला की एका झटक्यात जवळजवळ नऊ टक्के भांडवल जातं, आणि ते भरून काढायच्या नादात पुढचा ट्रेड उसने पैसे घेऊन होतो. पन्नास टक्के तोटा झाल्यावर मूळ जागी यायला शंभर टक्के फायदा लागतो. तुमच्या खात्यात आत्तापर्यंत जो तोटा झालाय तो कँडल न ओळखल्यामुळे झाला की रक्कम जास्त लावल्यामुळे, हे तुमच्याच जुन्या नोंदी काढून तपासा. मला वाटतं रक्कम जास्त लावल्याचंच कारण सापडेल.

पैसे देऊन शिकणं कायमच वाईट, असं मी म्हणणार नाही. एखादी शिकवणी कंपन्यांचे ताळेबंद वाचायला शिकवते, कर समजावते, धोक्याचं गणित शिकवते, कमाईचा कसलाही वायदा करत नाही, पसंत न पडल्यास पैसे परत देण्याची अट लेखी देते, आणि फी तुमच्या महिन्याच्या बचतीतून सहज निघते. अशी असेल तर जरूर जा. रविवारची मुदत, 'शेवटच्या काही जागा' आणि हप्ते, यांतलं काहीही तिथे लागत नाही.

राहिले तुम्ही भरलेले दहा टक्के. ते वाया जातील म्हणून उरलेले नव्वद भरायचे, हा विचार मनात येणारच, पण तो बाजूला सारा. ते दहा टक्के गेले असं धरून निर्णय घ्या आणि मग ते परत मिळवायचा प्रयत्न करा. पैसे भरताना ज्या अटी मान्य केल्यात त्या काढून वाचा, परताव्याविषयी काय लिहिलंय ते बघा. वेबिनारमध्ये किंवा मेसेजमध्ये ठरावीक कमाईचा दावा केला असेल तर तो आत्ताच जपून ठेवा, नंतर काढून टाकला जाऊ शकतो. मग मेल करा, साध्या शब्दांत: 'मी या तारखेला इतकी रक्कम नोंदणीसाठी भरली. मी सेमिनारला येणार नाही. नोंदणी रद्द करून रक्कम परत करावी आणि तसं लेखी कळवावं.' कारणं देत बसू नका, कारण दिलं की त्यावर समजूत घालणारा फोन येतो. अटींत परतावा लिहिलेला असूनही त्यांनी टाळाटाळ केली आणि पैसे कार्डाने भरलेले असतील, तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे तक्रार करता येते, पण त्याला मुदत असते, तेव्हा लांबवू नका. हप्त्यांसाठी कुठे सही किंवा ओटीपी दिला असेल तर तो करार रद्द झाल्याचं वेगळं लेखी घ्या, नाहीतर सेमिनारला न जाताही पहिला हप्ता कापला जाईल. मेल रविवारच्या आधी जाऊ द्या. तोवर त्यांचा फोन आलाच, तर 'मेलवर कळवलंय, मेलवरच उत्तर द्या' एवढंच सांगा.